परत येण्याचं पान

डिंकमामांना लहान मुलांची पुस्तकं आवडत नसत, हे आधीच सांगून टाकते. गेल्या महिन्यात त्यांची शोकसभा झाली. तिथे तीन वक्ते बोलले आणि तिघांनीही मामांना मुलांचं कसं वेड होतं ते सांगितलं. एकाने तर 'बालसाहित्याचे निस्सीम उपासक' असे शब्द वापरले. मी दुसऱ्या रांगेत होते आणि उठून निघून जावं असं मला फार वाटत होतं, पण खुर्च्या इतक्या खेटून मांडल्या होत्या की जाताना सगळ्यांचे गुडघे तुडवावे लागले असते. म्हणून बसून राहिले आणि घरी येऊन हे लिहायला घेतलं.

खरी गोष्ट अशी, की मामांनी उभी हयात सरकारी छापखान्याच्या बाइंडिंग खात्यात काढली. त्यांच्या हाताखालून गेली ती अंदाजपत्रकं, गॅझेटं आणि कोर्टाचे निकाल. चित्रांची पुस्तकं त्यांना कागदाची नासाडी वाटत. पानभर निळं आभाळ आणि खाली 'मग सकाळ झाली' एवढीच ओळ, असं काही दिसलं की ते पुस्तक माझ्यापुढे धरत आणि म्हणत, सकाळ झाली हे सांगायला एवढा कागद कशाला हवा. मुलांशीही त्यांचं बोलणं बेताचंच. मूल टेबलापाशी आलं की 'हात धुतलेस का' एवढंच विचारत. डिंकमामा हे नाव मुलांनी पाडलं होतं आणि तेही त्यांना खपत नसे, कारण ते डिंक वापरत नसत. ते खळ वापरत. मैद्याची, स्वतः शिजवलेली, आणि कीड लागू नये म्हणून तिच्यात लवंगेच्या तेलाचे थेंब टाकलेले. डिंकाने कागद कडक होतो, हे त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलंय की मी आता घरी साधं पाकीटसुद्धा डिंकाने बंद करत नाही.

आता असा माणूस आमच्याकडे आला कसा, ते सांगते.

आमचं केंद्र म्हणजे औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. आतल्या खोलीत मॅडम बसतात, बाहेरच्या खोलीत मी, टेलिफोन, चार खुर्च्या आणि पुस्तकांचं मोठं कपाट. मॅडम मुलांच्या मनाच्या डॉक्टर आहेत आणि त्यांचं औषध म्हणजे गोष्टींची पुस्तकं. घरात काही बिनसलं, मूल गप्प झालं, फार आदळआपट करायला लागलं, की आईबाप त्याला घेऊन येतात. मॅडम सगळ्यांना सतरंजीवर बसवतात आणि सगळे मिळून एक पुस्तक वाचतात. तात्पर्य विचारायचं नाही, 'तुला काय वाटलं' हेही विचारायचं नाही. मूल स्वतःचं दुखणं सांगत नाही, पण कासवाचं सांगतं, असं मॅडमचं म्हणणं. मी नोकरीला लागले तेव्हा माझा यावर काडीचा विश्वास नव्हता. पुस्तकं वाचून मुलं ताळ्यावर येत असती तर ग्रंथपालांची मुलं केवढी गुणी निघाली असती. आमच्या शेजारीच एक ग्रंथपाल राहतात, त्यामुळे हे मी ऐकीव सांगत नाही.

मॅडमचा एक नियम होता आणि तो ऐकून भलेभले पालक हबकत. पुस्तकातलं एखादं पान मुलाला नको असेल तर ते कापून काढायची त्याला मुभा होती. कात्री मॅडम स्वतः देत. काढलेलं पान पाकिटात जायचं, पाकिटावर मुलाने आपली खूण काढायची, आणि पाकीट माझ्या टेबलाच्या खणात. खणाला कुलूप नाही. पण त्या पाकिटाला त्या मुलाखेरीज कुणी हात लावायचा नाही, मॅडमनीही नाही. पुढे कधी मुलाला वाटलं तर त्याने यावं, आपलं पान काढावं आणि आपल्या हाताने परत चिकटवावं. कुणी आठवड्यात येई, कुणी वर्षाने, कुणी येतच नसे. त्यामुळे कपाटातली निम्मी पुस्तकं बोळकी झाली होती. एका पुस्तकातला लांडगा तर इतक्या मुलांनी मिळून कापला होता की ते आता फक्त मेंढ्यांच्या सहलीचं पुस्तक उरलं होतं. तेही बरं चालायचं.

मामा आले ते आपल्या नातीला घेऊन. आठेक वर्षांची असेल. गोल चेहरा, बारीक अंगकाठी, कुणाशी बोलताना समोरच्याच्या गळ्याकडे बघायची सवय. मामा तिला बटण म्हणत. तिला मॅडमकडे पाठवून ते बाहेर बसले, वेळ जावा म्हणून कपाटातलं एक पुस्तक काढलं, उघडलं, मिटलं, दुसरं काढलं. चौथ्या पुस्तकाला ते उठून माझ्यापाशी आले आणि हे कुणी केलं म्हणून विचारलं. मी सांगितलं, मुलांनी. मग नियमही सांगितला. ते परत जाऊन बसले. त्यांचा चेहरा असा झाला होता की मी पाणी विचारलं.

पुढच्या खेपेला येताना ते पिशवीत दाभण, मेण लावलेला दोरा, खळीचा डबा आणि कागदाची घडी दाबायची हाडाची एक गुळगुळीत पट्टी घेऊन आले आणि कुणालाही न विचारता कामाला बसले. फाटलेले कोपरे, सुटलेल्या पाठी, निखळलेली पुठ्ठ्याची कव्हरं. मॅडमनी पाहिलं आणि खिडकीजवळ त्यांना टेबल दिलं. अट एकच, पाकिटांना हात लावायचा नाही. मामांनी मान डोलावली. मग दर मंगळवारी ते यायला लागले. त्यांचं काम खरोखर सुरेख होतं. त्यांनी सांधलेली जागा मला भिंगातूनही सापडत नसे. दुरुस्ती दिसली तर ती दुरुस्ती कसली, असं ते म्हणत, आणि हे वाक्य त्यांच्या घराण्याचं ब्रीद असल्यासारखं म्हणत.

आता बटणाची हकिगत. तिचे वडील बोटीवर कामाला, वर्षातले बरेच महिने समुद्रावर. त्यामुळे बटण आणि तिची आई, म्हणजे मामांची लेक, मामांच्याच घरी राहत. आईला छातीचा आजार झाला. खोकल्यातून रक्त पडायला लागलं, तशी तिला दुसऱ्या गावच्या मोठ्या रुग्णालयात हलवावं लागलं. तिथे लहान मुलांना मनाई. जवळजवळ वर्षभर ती तिथे होती. जगते की नाही अशी वेळ दोनदा येऊन गेली. मामांनी नातीला यातलं एक अक्षर सांगितलं नाही. आई ऑफिसच्या कामाला गेलीय, असं सांगितलं. कधी येणार, तर रविवारी. तो रविवार गेला की पुढच्या रविवारी. पोरीने काही महिन्यांनी विचारायचं बंद केलं, आणि चला, रुळली एकदाची, असं वाटून मामांनी सुटकेचा श्वास सोडला.

मग आई बरी झाली. एके दिवशी दुपारी घरी आली. बटणाला आधी काही सांगितलं नव्हतं, कारण सांगून आली नसती तर. पोर शाळेतून आली तेव्हा आई पलंगावर बसलेली होती, वाळलेली, केस आखूड कापलेले. बटणाने दप्तर जागेवर ठेवलं. आत गेली. पाहुण्यांसाठी ठेवलेला नक्षीचा ग्लास काढला, पाणी भरलं आणि आणून आईपुढे धरला.

तेव्हापासून घरात तेच चाललं होतं. आईसाठी धुतलेला पाहुण्यांचा टॉवेल. आई खोलीत आली की ही उठून उभी. शाळेत काय झालं, तर छान. जेवण आवडलं का, तर हो. वेणी घालायची ती आजोबांकडून, आणि मामांना वेणी घालता येत नसे, ते तिचा दोर वळत. रडणं नाही, हट्ट नाही. एवढं शहाणं पोर बघून शेजारपाजारचे कौतुक करत होते, आणि तिकडे आईचा जीव अर्धा होत होता. शेवटी तिने ठरवलं, की शाळेचं सत्र संपलं की आपण एकटीनेच मोठ्या बहिणीकडे निघून जायचं. माझ्या येण्याने तिचं घर बिघडलं, असं ती मॅडमना म्हणाली. ती माझ्याशिवाय राहायला शिकलीय, आता मी कशाला मध्ये येऊ. हे तिने अगदी सरळ आवाजात सांगितलं. मी चहा ठेवायला आत गेले होते, त्यामुळे ऐकलं. बाहेर आले तर मामा हातातलं पुस्तक नुसतं धरून बसले होते. भिंत पातळ आहे आमची.

म्हणजे सत्र संपेपर्यंतची मुदत होती. नाहीतर वर्षभर वाट पाहिलेली लेक पुन्हा जाणार होती, आणि या वेळी धडधाकट असताना.

मॅडमनी अस्वलाचं पुस्तक निवडलं. आई अस्वल डोंगरापलीकडे जाते, वाटेत बर्फ पडतं, ती पलीकडेच अडकते. पिल्लू म्हाताऱ्या अस्वलाजवळ हिवाळा काढतं. ओढ्यात पडतं, मासे धरायला शिकतं, म्हाताऱ्याचं घोरणं ऐकत झोपतं. शेवटी बर्फ वितळतं आणि आई परत येते. तिघी सतरंजीवर बसून वाचत होत्या, आई, बटण आणि मॅडम. संपल्यावर बटणाने कात्री मागितली.

मॅडमना वाटलं होतं ती आई जाते ते पान काढणार. सगळी मुलं तेच काढतात. बटणाने पानं उलटली, जाण्याचं पान ओलांडलं, हिवाळा ओलांडला, आणि आई परत येते ते पान कापलं. बाइंडरची नात ती. काठ ठेवला नाही, पार घडीपर्यंत नेऊन नीट कापलं. पाकिटावर चार भोकांचं बटण काढलं आणि पाकीट माझ्या खणात आणून ठेवलं. तिची आई बाहेर येऊन जिन्यात उभी राहिली. औषधांच्या दुकानातला माणूस वर येत होता, तो तिला बघून परत खाली गेला.

मामांना या सगळ्यातलं काय कळलं कोण जाणे, पण पुस्तकाचं काय झालं ते बरोबर कळलं. त्यांनी ते उघडून मला दाखवलं. असं पुस्तक म्हणजे एकात एक घातलेले, मधोमध दुमडलेले कागद. एका कागदाची दोन पानं होतात, एक पुढच्या अंगाला, एक मागच्या. मागचं पान मुळापासून कापलं की पुढचं त्याचं जोडीदार पान सुटतं. परत येण्याच्या पानाचा जोडीदार होतं जाण्याचं पान. ते आता दोऱ्याच्या आधाराने कसंबसं लोंबत होतं. मामांना यात काही गूढ वगैरे दिसत नव्हतं. त्यांना सुटलेलं पान दिसत होतं. उद्या ते पडणार, मग दोरा सैल होणार, मग सगळं पुस्तक हातात येणार, असं ते मला आठवडाभर सांगत होते. आठवडाभर म्हणजे टेलिफोनवरूनसुद्धा.

आणि मग मंगळवारी मॅडम एका शाळेत व्याख्यानाला गेल्या असताना मामांनी ते केलं. मी खाली दुकानात सुटे पैसे आणायला गेले होते. परत आले तर ते नेहमीसारखे खाली मान घालून काम करत होते आणि चक्क गुणगुणत होते. मला आश्चर्य वाटलं, पण माणूस कधीतरी गुणगुणणारच, असं म्हणून मी सोडून दिलं. त्यांनी खणातलं पाकीट काढलं होतं, पान त्याच्या जोडीदाराला पातळ कागदाच्या पट्टीने सांधलं होतं, पुस्तक पुन्हा शिवलं होतं आणि वजनाखाली ठेवलं होतं. त्यांचं गणित साधं होतं. पुस्तक वाचेल. पोर ते उघडेल, पान जागच्या जागी दिसेल, आई अस्वल घरी आलेली दिसेल, आणि आपण कधी काही कापलं होतं हेच ती विसरेल. जन्मभर ज्याने भोकं अशी बुजवली की कुणाला पत्ता लागू नये, त्याला दुसरं काय सुचणार. शिवाय तो घाबरलेला होता. लेक जाणार म्हणून घाबरलेला होता, आणि ते कुणाला सांगायची त्याला सवय नव्हती.

पुढच्या भेटीला बटणाने स्वतःच अस्वलाचं पुस्तक उचललं. आई आणि मॅडम शेजारी होत्या. पानं उलटत शेवटाशी आली आणि थांबली. मॅडमनाही आधी कळलं नाही, इतकं बेमालूम काम होतं. बटणाने घडीवरून बोट फिरवलं. मग पुस्तक नाकाशी नेलं आणि हुंगलं. लवंग.

ती बाहेर आली आणि मामांच्या टेबलासमोर उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही, उलट नेहमीपेक्षा बारीकच होता.

"आजोबा, हे तुम्ही केलंत?"

मामा म्हणाले, "सगळं पुस्तक सुटलं असतं गं."

"तुम्ही सगळं परस्परच करता," बटण म्हणाली. "आई कुठे गेली ते मला सांगितलं नाही. येणार ते सांगितलं नाही. आता हेपण."

मग तिने पुस्तक त्यांच्या टेबलावर ठेवलं, चपला घातल्या आणि जिन्यात जाऊन बसली.

मॅडम रागावल्या की त्यांचा आवाज खाली खाली जातो. त्या दिवशी तो इतका खाली गेला की मला दाराला कान लावावा लागला. मामा, तुम्ही तिचं पान चोरलंत, एवढं मला ऐकू आलं. मामा बाहेर आले, खळीच्या डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. मला त्यांचा राग आला होता आणि कीवही येत होती. दोन्ही एकदम आलं की मी फायली लावायला घेते. त्या दिवशी मी मागच्या वर्षाच्या सगळ्या फायली लावल्या.

त्या संध्याकाळी घरी मामांनाही पाणी नक्षीच्या ग्लासात मिळालं.

घरात आता दोन पाहुणे झाले. पण त्यामुळे एक झालं. केंद्रात जायचं तर कुणाबरोबर जायचं, हा प्रश्न बटणापुढे आला, आणि दोघांत त्यातल्या त्यात बरी म्हणून ती आईबरोबर आली. एक पाऊल पुढे चालत होती, पण आली. आईची बॅग त्या दिवशी भरून झाली होती. सत्र संपायला आलं होतं.

मामा आधीच येऊन बसले होते. मॅडमना त्यांनी सांगून ठेवलं होतं, मला पोरीशी बोलायचंय आणि तुम्ही सगळ्या समोर हव्यात. त्यात मीसुद्धा आले. मला वाटलं माफी मागतील. त्यांनी अस्वलाचं पुस्तक टेबलावर उघडं ठेवलं, हात पुसले आणि ऑफिसात अहवाल वाचावा तसं बोलायला सुरुवात केली.

आई ऑफिसच्या कामाला गेली नव्हती, ते म्हणाले. ती दवाखान्यात होती. तिच्या छातीत आजार होता, खोकल्यातून रक्त पडत होतं. रविवार मी मनाने सांगत होतो. ती रविवारी येणार असं कुठल्याही डॉक्टरने सांगितलं नव्हतं. मी तुला सांगितलं नाही, कारण सांगायला तोंड उघडलं असतं तर मला रडू आलं असतं.

बटण त्यांच्या गळ्याकडे बघत होती. "मरणार होती?"

"मला वाटत होतं," मामा म्हणाले.

बटण वळली आणि तिने आईकडे पाहिलं. गळ्याकडे नाही. आई म्हणाली, "मलाही वाटत होतं." खाली दुकानात कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं.

मग मामांनी ओला स्पंज घेतला आणि आपणच घातलेल्या सांध्यावर फिरवला. त्या पानापुरता दोरा उसवला. कागदाची पट्टी भिजेपर्यंत थांबले. हाडाची पट्टी पानाखाली सारून त्यांनी ते पान हलकेच सोडवलं. या माणसाने आयुष्यात पुस्तकातलं पान कधी काढलं नसेल. पान वाळवून त्यांनी ते बटणाच्या हातात दिलं. "तुझं आहे," म्हणाले, आणि उठून खिडकीशी उभे राहिले.

बटणाने पान उलटसुलट करून पाहिलं. चित्रात आई अस्वल दारात होती, पिल्लू तिच्या गळ्यात, म्हातारं अस्वल हसत होतं.

"ती येते आणि लगेच सगळे हसतात," बटण म्हणाली. कुणाला उद्देशून ते कळलं नाही. "तिला काही माहीतच नसतं. पिल्लू ओढ्यात पडलं होतं, तेसुद्धा तिला कुणी सांगत नाही."



आई तिथेच टेबलापाशी खाली फरशीवर बसली. "मला सांग," म्हणाली.

बटणाने थोडा विचार केला. मग तिने पुस्तक घेतलं, आईपासून हातभर अंतरावर बसली, आणि जिथे हिवाळा सुरू होतो तिथपासून वाचायला लागली. पहिलं पान तिने जसंच्या तसं वाचलं. दुसऱ्या पानावर म्हातारं अस्वल पिल्लाला खाऊ घालतं, तिथे तिने सांगितलं की आजोबांनी एकदा दुधात साखरेऐवजी मीठ घातलं आणि तिने ते पिऊन टाकलं, कारण ते वाईट दिसत होते. ओढ्याच्या पानावर तिने ताप आल्याचं सांगितलं आणि आजोबांनी कपाळावर ठेवलेल्या पट्ट्यांचं सांगितलं. पट्ट्यांनाही लवंगेचा वास येत होता म्हणे. दात पडला. तो डबीत आहे. शाळेच्या नाटकात ती झाड झाली होती, झाडाला एकच वाक्य होतं आणि तेच ती विसरली. दर पानाला असं काहीतरी निघत होतं. आई मध्ये बोलत नव्हती, फक्त ऐकत होती आणि पदराने डोळे पुसत होती. पुढची वेळ घेतलेलं एक कुटुंब येऊन खुर्च्यांवर बसलं होतं. त्यांना मी सांगितलं, आत डॉक्टर कामात आहेत. डॉक्टर माझ्या शेजारी उभ्या होत्या.

बर्फाच्या पानावर काहीच नाही, नुसतं पांढरं. तिथे बटणाने पानावरून हात फिरवला.

"रविवारी मी पिवळा फ्रॉक घालून खिडकीत बसायचे," ती म्हणाली. "तुला आवडतो म्हणून. आता तो होत नाही मला."

आई सरकून जवळ आली आणि बटण उठून उभी राहिली नाही, एवढंच झालं. खिडकीशी मामांची पाठ हलत होती. ते रडत होते, स्पष्टच लिहिते. मीही रडत होते, आणि समोरच्या खुर्चीवरच्या बाईंनी कारण न कळताच मला रुमाल दिला.

मग बटणाने खळ मागितली. मामा पुढे आले तसं तिने त्यांच्या हातून फक्त डबा घेतला आणि त्यांना लांब उभं केलं. पान जागेवर लावलं आणि आईला म्हणाली, "धर."

आईने धरलं. दोघींनी मिळून ते चिकटवलं. इतकं वाईट बाइंडिंग मी आजवर पाहिलेलं नाही. पान तिरकं बसलं, बोटभर बाहेर आलं, खळ चित्रावर सांडली आणि आई अस्वलाचा एक पाय दाराला चिकटला. मामा हात मागे बांधून उभे होते. मी मागे होते म्हणून मला दिसलं, त्यांची बोटं हवेतल्या हवेत तो बाहेर आलेला काठ कापत होती.

"आजोबा, बरोबर आहे?" बटणाने विचारलं.

मामांनी चष्मा लावला, वाकून पाहिलं, काठाला बोट लावलं. आता हे दुरुस्त करतात, असं मला वाटलं.

"घट्ट आहे," ते म्हणाले.

पुढे ते त्यांचे डोळे साथ देईपर्यंत, बरीच वर्षं, दर मंगळवारी येत राहिले. कपाटातल्या प्रत्येक पुस्तकाची कड त्यांनी सरळ केली. त्या एका काठाला हात लावला नाही. आता मुलं तो बाहेर आलेला काठ धरून पुस्तक थेट शेवटीच उघडतात आणि मॅडम त्यांना परत पहिल्या पानावर आणतात. शोकसभेत यातलं कुणी काही बोललं नाही. बटण शेवटच्या रांगेत आईशेजारी बसली होती, तिला बोलायला कुणी बोलावलंच नाही.

त्या भेटीनंतरच्या मंगळवारी मामा आले, पिशवी ठेवली, दाभण-दोरा काढला आणि कामाला बसले. घरचं काही सांगेनात. माझा जीव टांगणीला लागला होता. शेवटी मी विचारलं, की परवा इथून घरी गेल्यावर पाणी कुठल्या ग्लासात मिळालं.

"मिळालंच नाही," मामा म्हणाले. "मला म्हणाली, आजोबा, तुमचं तुम्ही घ्या."

"आणि आईला?"

मामांनी दोऱ्याला मेण लावलं. सुईत ओवायला त्यांना त्या दिवशी फार वेळ लागला.

"तिला म्हणाली, उठतेच आहेस तर माझ्यासाठीपण आण."